मृत्युपत्र, प्रोबेट, वारस दाखला: वकिलाकडे जाण्याआधी आणि गेल्यावर पडणारे प्रश्न

घरातलं माणूस गेल्यावर कागदपत्रांच्या कामात अडकलेली मंडळी आमच्याकडे प्रश्न पाठवत असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असलेल्या कुटुंबांना धरून आहेत (त्यात बौद्ध, जैन, शीखही आले). गोव्यात मिळकत असेल तर थेट प्रश्न १७ वाचा.

१. वडील जाऊन तीन आठवडे झाले. जो तो म्हणतो, "आधी वकील गाठा." खरंच लगेच गाठायचा का?

एवढी घाई नसते. आधी मृत्यू दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढा आणि त्यावरचं नाव आधार, सातबारा, शेअर सर्टिफिकेटवरच्या नावाशी ताडून बघा. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढ्याशा फरकावरून फाइल परत येते. मग यादी करा: पासबुकं, एफडीच्या पावत्या (देवांच्या तसबिरीमागे आणि साड्यांच्या घडीतही बघा), विमा, डीमॅट, सोसायटीचे कागद, सातबारा, लॉकरची किल्ली, आणि हो, कर्जंही.

यादी झाली की प्रत्येक ठिकाणी लेखी विचारा, "नाव बदलायला तुम्हाला नेमका कोणता कागद लागतो?" उत्तरही लेखीच मागा. काउंटरवरचा माणूस तोंडी सांगतो ते पुढच्या महिन्यात बदलतं. ही उत्तरं हातात घेऊन वकिलाकडे गेलात तर अर्धं काम झालेलं असतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त येतात ती चुकीच्या कागदासाठी कोर्टात वर्ष घालवलेली माणसं: बँकेला नॉमिनी पुरेसा होता आणि यांनी सक्सेशन सर्टिफिकेट (मयताच्या ठेवी, शेअर्स मिळवण्यासाठीचं कोर्टाचं प्रमाणपत्र) काढलं, किंवा शेतजमिनीसाठी सक्सेशन सर्टिफिकेट मागायला गेले, जे जमिनीसाठी मिळतच नाही.

२. कपाटात मृत्युपत्र सापडलं. त्याचं काय करू?

आहे तसं ठेवा. स्टेपलरची पिन काढून झेरॉक्स काढू नका, भोकं पाडून फाइलला लावू नका, 'खराब होईल' म्हणून लॅमिनेट तर अजिबात करू नका. कोपऱ्यात पिनेच्या दोन जोड्या भोकं दिसली की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, "मधलं पान कधी बदललं?" पिन न काढता मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो घ्या आणि शेवटच्या पानावरच्या दोन साक्षीदारांची नावं वाचता येतात का ते बघा. मृत्युपत्राला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. स्टँपपेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते, आणि नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने काही साधत नाही.

३. प्रोबेट म्हणजे नक्की काय?

मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमलं आहे त्याने कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाने मृत्युपत्र खरं आणि शेवटचं आहे का ते तपासायचं, आणि शिक्क्यानिशी तसं प्रमाणित करून द्यायचं. तेच प्रोबेट. मृत्यूनंतर सात दिवस होईपर्यंत ते मिळत नाही. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेलाच नसेल, किंवा तो हयात नसेल, तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्र जोडलेलं 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' मिळतं.

एक गोष्ट वकीलही घाईत सांगायची विसरतात. प्रोबेट कोर्ट मृत्युपत्र खरं की खोटं एवढंच बघतं. त्यात लिहिलेलं घर मुळात वडिलांच्या मालकीचं होतं का, हा वाद वेगळ्या दिवाणी दाव्यात चालतो.

४. फ्लॅट मुंबईत आहे. मुंबईत प्रोबेट सक्तीचं असतं ना?

डिसेंबर २०२५ पर्यंत होतं. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम २१३ मुळे मुंबई, कोलकाता आणि चेन्नईच्या हायकोर्टांच्या मूळ दिवाणी हद्दीत हिंदूंनी केलेलं, किंवा तिथल्या स्थावर मिळकतीबद्दलचं मृत्युपत्र प्रोबेटशिवाय कोर्टात हक्क शाबीत करायला चालत नसे. पुणे, नाशिक, नागपूरला ही अट कधीच नव्हती. ठाण्यातल्या माणसाला नको आणि मुलुंडच्या माणसाला हवं, असा तो प्रकार होता. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये रिपीलिंग अँड अमेंडिंग ॲक्ट करून हे कलमच वगळलं.

सक्ती गेली, पण सोय राहिली. प्रोबेटचा अर्ज आजही करता येतो. आमचं मत असं: मृत्युपत्र स्वच्छ आहे, सगळे वारस लेखी संमती देतात, मिळकत विकायची नाही, तर प्रोबेटच्या फंदात पडू नका. एक जरी भाऊ किंवा बहीण फुरंगटून बसली असेल, किंवा फ्लॅट लवकरच विकायचा असेल, तर काढून ठेवा. घेणाऱ्याचा वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक जुन्या सवयीने प्रोबेट मागतात आणि ऐन वेळी सौदा अडतो. अर्ज आधीच दाखल असेल तर तो आपोआप रद्द होत नाही. चालू ठेवायचा की मागे घ्यायचा ते वकिलाला स्पष्ट विचारा.

५. मृत्युपत्र केलेलंच नाही. वारस दाखला, सक्सेशन सर्टिफिकेट, लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन... कोणता कागद काढायचा?

सक्सेशन सर्टिफिकेट येणी आणि रोख्यांसाठी असतं: बँक ठेवी, शेअर्स, डिबेंचर्स. स्थावर मिळकतीसाठी नाही.

वारस दाखला (वारसा प्रमाणपत्र) दिवाणी कोर्ट देतं, तेही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातला नियम, पण महाराष्ट्रात आजही रोज वापरात आहे. 'अमुक हे मयताचे वारस' एवढंच तो सांगतो. घर, जमीन, सोसायटी यांच्यासाठी बहुतेक वेळा हाच लागतो. तहसील कार्यालयाकडून मिळणारा दाखला मुख्यतः पेन्शनसारख्या सरकारी देण्यांपुरता चालतो, दोन्हींची गल्लत करू नका.

लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजे संपूर्ण मालमत्तेचा कारभार बघायचा अधिकार. मिळकती अनेक, देणी-घेणी गुंतागुंतीची, तेव्हाच त्याचा विचार करा.

६. वारस म्हणजे आई आणि आम्ही दोघं भावंडं, एवढेच ना?

वडिलांची आई, म्हणजे तुमची आजी, हयात आहे का? असेल तर तीही पहिल्या वर्गातली वारस आहे, तुमच्या आईइतकाच तिचा वाटा. हे इतक्या घरांत विसरलं जातं की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो. वडील गेले तेव्हा आजी होती आणि वर्षाने ती गेली, तरी तिचा वाटा नाहीसा होत नाही. तो तिच्या सगळ्या मुलांकडे, म्हणजे काका आणि आत्यांकडेही जातो. मग अर्जात त्यांची नावं घालावी लागतात आणि घरात वादळ होतं. आजोबा मात्र दुसऱ्या वर्गात येतात, पहिल्या वर्गातलं कोणी असेल तर त्यांना वाटा नाही. लग्न झालेली बहीण भावाइतकीच वारस, हे आता सांगायला नको, तरी सांगतो.

बाईची मिळकत असेल तर क्रम वेगळा लागतो. आधी मुलं आणि नवरा, ते नसतील तर नवऱ्याचे वारस. पण मूलबाळ नसलेल्या आत्याला तिच्या आईवडिलांकडून वारशाने मिळालेलं घर असेल, तर ते तिच्या सासरी न जाता तिच्या वडिलांच्या वारसांकडे परत येतं.

७. आईच्या सगळ्या खात्यांना नॉमिनी मी आहे. म्हणजे पैसे माझेच?

नाही. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे, असं साधारण तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याबाबत आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबाबतही हेच सांगितलं. विम्यात २०१५ नंतर एक अपवाद झाला: आईवडील, नवरा किंवा बायको, मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर विम्याची रक्कम त्याच्याच हक्काची धरली जाते.

नॉमिनेशनचा खरा फायदा पैसे लवकर हातात येण्याचा आहे. नॉमिनी असेल तर बँकेने सक्सेशन सर्टिफिकेट किंवा प्रोबेट मागायचं कारण नाही, मग रक्कम कितीही असो.

८. नॉमिनी नाही आणि बँक म्हणते कोर्टातून कागद आणा.

रक्कम बघा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्देशांनुसार वारसांत वाद नसेल तर व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या दाव्यांना सोपी पद्धत आहे: दावा अर्ज, मृत्यू दाखला, ओळखपत्रं, हमीपत्र, बाकीच्या वारसांची ना हरकत. सगळे कागद दिल्यावर १५ दिवसांत दावा निकाली निघायला हवा. शाखेतल्यांना हे माहीत नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पुढे रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. यासाठी वकील लागत नाही.

९. सोसायटी नाव चढवायला तयार नाही.

२०१९ मध्ये महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात आलेलं कलम १५४ब-१३ सेक्रेटरींना दाखवा. मृत्युपत्र, सक्सेशन सर्टिफिकेट, वारस दाखला, किंवा वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे सोसायटीने हस्तांतर करायचं आहे. नॉमिनीला तोवर तात्पुरतं सभासद करून घ्यायचं आहे. लेखी नकार मागा आणि तो घेऊन उपनिबंधकांकडे जा. नकार लेखी द्यायची वेळ आली की बऱ्याच समित्या नरमतात. वारसांतच भांडण असेल तर मात्र समितीला दोष देऊ नका, तो निवाडा तिचा नव्हे.

१०. सातबाऱ्यावर वारस नोंद करायला वकील लागतो का?

सहसा नाही. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क प्रणालीवर अर्ज करा. नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. तीन महिने उलटले तरी नोंद होते. अर्जात बहिणींची नावं 'नंतर घालू' म्हणून गाळणं हा जुना खेळ आहे; तो पुढे फौजदारीपर्यंत जाऊ शकतो. आणि सातबाऱ्यावरची नोंद महसुलापुरती असते, तिने मालकी ठरत नाही.

११. वकील कसा निवडायचा? आमचे एक ओळखीचे आहेत, पण ते अपघाताच्या केसेस करतात.

मग त्यांच्याकडून नाव घ्या, काम देऊ नका. गेल्या वर्षभरात किती प्रोबेट किंवा वारस दाखल्याचे अर्ज दाखल केले आणि कोणत्या कोर्टात, हे सरळ विचारा. मुंबईच्या मिळकतीसाठी अर्ज हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्र-वारशाच्या अर्जांच्या) विभागात जातो, ठाणे-पुण्याला जिल्हा न्यायालयात किंवा अधिकार दिलेल्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात. हायकोर्टाचं प्रोबेट देशभर चालतं, जिल्हा न्यायालयाचं साधारणपणे त्या राज्यापुरतं. तेव्हा मिळकत दोन राज्यांत असेल तर कोणतं कोर्ट धरणार, हेही विचारा. याचं उत्तर चटकन आलं तर माणूस या कामातला आहे.

'३० दिवसांत प्रोबेट, खात्रीशीर' अशा जाहिरातीवर जाऊ नका. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, म्हणजे तो बहुधा एजंट असतो. आणि मूळ मृत्युपत्र पहिल्या भेटीत कोणाकडेही सोडून येऊ नका. द्यायची वेळ येईल तेव्हा पोच घ्या.

१२. खर्च किती येतो? वकील म्हणतात मिळकतीच्या दोन टक्के घेईन.

निकालावर अवलंबून असलेली किंवा मिळकतीतला वाटा म्हणून फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. टप्प्यांनुसार ठरलेली रक्कम मागा: अर्ज तयार करणं, दाखल करणं, नोटिसा, आदेश. प्रकरण वादात गेलं तर पुढची फी किती, तेही आत्ताच लिहून घ्या.

कोर्ट फी वेगळी. महाराष्ट्रात प्रोबेटला ती मिळकतीच्या किमतीप्रमाणे चढत जाते, पण कमाल ७५,००० रुपयांवर थांबते. फ्लॅट दोन कोटींचा असो की दहा, तेवढीच. वर जाहिरात, टायपिंग, प्रतिज्ञापत्रं. व्यवस्थापकाने केलेला हा खर्च मयताच्या मालमत्तेतून वळता होतो, पावत्या जपा. इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली, पण मयताचं त्या वर्षीचं आयकर विवरणपत्र वारसाला भरावं लागतं.

१३. वकिलाचा खर्च झेपणारा नाही. काही सोय?

आहे, आणि फार थोड्यांना माहीत आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांनाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं; फोन करायचा तर १५१००. तेव्हा घरात अर्जदार कोण व्हायचं ते ठरवताना आईचं नाव पुढे करण्यात काही गैर नाही.

१४. आम्हा तिघा भावंडांचा एकच वकील चालेल का? मृत्युपत्र ज्यांनी लिहून दिलं तेच बरे, नाही का?

एकमत असेल तोवर एक वकील चालतो. मतभेद दिसायला लागले की ज्याला वाटा कमी मिळतोय त्याने आपला वेगळा सल्ला घ्यावा. व्यवस्थापकाचा वकील त्याच्यासाठी भांडणार नाही.

मृत्युपत्र लिहून देणाऱ्या वकिलांनी साक्षीदार म्हणून सहीही केली आहे का ते बघा. केली असेल तर त्यांना त्याच प्रकरणात साक्ष द्यावी लागेल, आणि जिथे आपण साक्षीदार होऊ शकतो ते प्रकरण वकिलाने घ्यायचं नसतं. ते साक्षीदार म्हणून उत्तम आहेत. तेवढंच राहू द्या.

१५. मामांनी मला न विचारता व्यवस्थापक नेमलं. काय काय गळ्यात पडतं? नको म्हणता येतं का?

येतं, पण कारभाराला हात घालण्याआधी. एफडी मोडल्या, भाडं गोळा केलं आणि मग 'मी नाही' म्हणालात तर जबाबदारी चिकटते. नकार लेखी, सहीनिशी द्या.

स्वीकारलंत तर क्रम असा: अंत्यसंस्काराचा खर्च, मग प्रोबेटचा खर्च, मग नोकरांचा थकलेला पगार, मग बाकीची देणी, आणि सगळ्यात शेवटी मृत्युपत्रातलं वाटप. लोक उलटं करतात. आधी दागिने वाटतात आणि नंतर गृहकर्जाची नोटीस येते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षाच्या आत हिशेब कोर्टाला द्यायचा असतो. वाटपासाठी मृत्यूपासून वर्षभर तुम्हाला घाई करता येत नाही, हे भाचेकंपनीला आधीच सांगून ठेवा.

आणि मयताचं कर्ज तुमच्या किंवा वारसांच्या स्वतःच्या पैशातून फेडायचं नसतं. मिळालेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी असते, जामीन किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर. वसुलीवाल्याला हे शांतपणे सांगा.

१६. अवघड प्रकरणं: साक्षीदार वारले, फक्त झेरॉक्स आहे, भाऊ अमेरिकेत आहे, पुतण्या लहान आहे, मृत्युपत्रच संशयास्पद आहे.

दोन्ही साक्षीदार हयात नसतील तर निदान एकाचं हस्ताक्षर आणि मयताची सही ओळखणारा माणूस आणावा लागतो. बँकेतले जुने सहकारी, शेजारी चालतात.

मूळ प्रत मयताच्याच ताब्यात होती आणि आता सापडत नाही, तर त्यांनी ती स्वतः फाडली असं कोर्ट गृहीत धरू शकतं. तसं नाही हे दाखवता आलं तर प्रतीवरही प्रोबेट मिळतं.

परदेशातल्या भावाची संमती किंवा कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत, किंवा तिथे नोटरी करून ॲपोस्टिलसह (त्या देशाच्या सरकारी प्रमाणनाच्या शिक्क्यासह) होतं. मुखत्यारपत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. प्रोबेट परदेशी कोर्टाने दिलं असेल तर त्याची प्रमाणित प्रत जोडून इथे लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन मागता येतं.

अज्ञान (अठरा वर्षांखालच्या) मुलाच्या वाट्याचं हक्कसोडपत्र त्याच्या आईकडून करून घेऊ नका. त्याच्या स्थावर हिश्शाच्या व्यवहाराला कोर्टाची परवानगी लागते. नाही घेतली तर तो मोठा झाल्यावर सगळं उलटवू शकतो. सज्ञान बहिणीचं हक्कसोडपत्रही नोंदणीकृतच हवं, साध्या कागदावरचं चालत नाही.

मृत्युपत्र बनावट वाटत असेल तर प्रोबेटच्या अर्जात कॅव्हेट ('मला कळवल्याशिवाय पुढे जाऊ नका' अशी कोर्टाला दिलेली हरकत) दाखल करा. मग अर्जाचा दावा होतो, साक्षीपुरावे होतात आणि प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. सगळ्यांची संमती असलेला अर्जही सहा-आठ महिने ते दीड वर्ष घेतो, तेव्हा रागाच्या भरात नको, आधी मूळ मृत्युपत्राची पाहणी करा.

१७. आमचं मूळ गाव पेडणे. तिथलं घरही याच नियमांनी?

नाही. गोव्यात हिंदूंनाही हिंदू वारसा कायदा लागत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली पद्धत आहे, आणि २०१६ पासून त्यासाठी गोव्याचा स्वतःचा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा अमलात आहे. मुलाबाळांचा निम्मा हिस्सा राखीव असतो, मृत्युपत्राने त्याला हात लावता येत नाही. वारस ठरतात विशेष नोटरीपुढच्या दस्ताने आणि वाटणी होते कोर्टातल्या इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी आणि वाटणीच्या) प्रकरणात. मूळचा गोव्याचाच अधिवासी असलेल्या माणसाची मिळकत बाहेरच्या राज्यात असली तरी तिला गोव्याचाच कायदा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आहे. म्हणून वडील कायमचे मुंबईकर झाले होते की गोव्याचेच राहिले होते, हे आधी ठरवावं लागेल, आणि त्यासाठी पणजी, म्हापसा किंवा मडगावचाच वकील गाठा.

१८. वडील २०१४ मध्ये गेले. मृत्युपत्र आत्ता बाहेर काढलं. उशीर झाला का?

प्रोबेटच्या अर्जाला अर्ज करायचा हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षांची मुदत सर्वोच्च न्यायालयाने लागू धरली आहे. पण तो हक्क कधी निर्माण झाला यावर बरंच अवलंबून असतं. मृत्यूचीच तारीख धरली जाईल असं नाही, मृत्युपत्राला कोणी आव्हान दिलं तीही धरली जाऊ शकते. अर्जात उशिराचं खरं कारण लिहावं लागतं. इतकी वर्षं ते कोणाकडे होतं, कोणी पाहिलं होतं, आत्ताच का काढलं, याची उत्तरं कागदावर मांडून मगच वकिलाकडे जा. सगळे वारस राजी असतील तर प्रश्न ४ पुन्हा वाचा, कदाचित अर्जाची गरजच नसेल.